डिझेल गाडीला एलपीजी किट बसवून परवडेल का?

प्रश्न: माझ्याकडे २०१४ ची स्विफ्ट डिझेल आहे, १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेली. धायरी ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं आणि महिन्यातून एकदा कराडला गावी, असे महिन्याला १,३०० किलोमीटर होतात. पूर्वी १८ चं ॲव्हरेज मिळायचं, आता जेमतेम १४ पडतं. ओळखीचा गॅरेजवाला दोन मार्ग सांगतो. ९५ हजारांत इंजिन पूर्ण एलपीजीवर करायचं, नाहीतर ३५ हजारांत डिझेलबरोबर थोडा गॅस सोडणारं किट बसवायचं. ‘गॅसवरही १४ पडेल, खर्च तिसऱ्या हिश्श्याने उतरेल,’ असं त्याचं म्हणणं. दिल्लीसारखी जुन्या डिझेलवर बंदी पुण्यात आली तर गॅसची गाडी वाचेल, असंही तो म्हणतो. काय करावं?
– एक वाचक, धायरी

उत्तर: दोन्हींपैकी एकही करू नका. तुमचे पैसे १८ आणि १४ यांमधल्या चार किलोमीटरमध्ये गळताहेत. ती गळती इंधन बदलून थांबणार नाही, गाडी दुरुस्त करून थांबेल. तिच्याकडे येऊच. पण आधी गॅरेजवाल्याचं गणित तपासू, कारण ते ऐकायला इतकं सोपं आहे की भलेभले फसतात.

समजा, डिझेल ९० रुपये लिटर आहे आणि ऑटो एलपीजी ६० रुपये. (भाव बदलत राहतात. तुमच्या पंपावरचे आकडे टाकून पुढचं सगळं पुन्हा करून पाहा.) तो म्हणतो, ९० चं ६० झालं, म्हणजे तिसरा हिस्सा वाचला. चूक अशी की दोन्ही लिटर सारखे नाहीत. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर एलपीजीमध्ये सुमारे २५. पंपावर पैसे लिटरचे मोजतो, पण गाडी चालते ती ऊर्जेवर. ९० ला ३६ म्हणजे मेगाज्यूलला अडीच रुपये. ६० ला २५ म्हणजे २ रुपये ४० पैसे. स्वस्ताई काय ती दहा पैशांची.

आणि तीही हातात राहत नाही. तेवढ्याच ऊर्जेत डिझेल इंजिन जास्त अंतर काढतं, कारण त्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेचा दाबला जाण्याचा पट) जास्त असतं आणि हवा आत घेताना त्याला थ्रॉटलच्या, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेच्या, पाकळीशी झगडावं लागत नाही. तेच इंजिन स्पार्क प्लगवर चालवलं की शहरातल्या अर्धवट ताणावर २० ते २५ टक्के ऊर्जा जास्त लागते. दोन्ही मिळून एक लिटर डिझेलच्या जागी पावणेदोन लिटर एलपीजी धरावा. काम फारच उत्तम उतरलं तर १.६ लिटर. म्हणजे धडधाकट असताना १८ देणारी गाडी गॅसवर १० ते ११ देईल. किलोमीटरचा खर्च ५ रुपये ३० पैसे ते ५ रुपये ८० पैसे. डिझेलवर १८ ने तो ५ रुपये होता. बरोबरी साधायची तर डिझेल ९० असताना एलपीजी ५१ ते ५६ रुपयांना मिळायला हवा. ‘गॅसवरही १४ पडेल’ हे वाक्य लिहून मागा. कोणी देणार नाही.

एलपीजीमुळे पैसे वाचल्याचं तुम्ही ज्यांच्याकडून ऐकलं असेल, ते सगळे पेट्रोलवाले असणार. त्यांचं खरंही आहे. त्यांचं इंजिन मुळातच स्पार्कचं, त्यांना लिटरमागे २० ते २५ टक्केच जास्त गॅस लागतो आणि त्यांची तुलना महागड्या पेट्रोलशी असते.

आता ९५ हजारांत नेमकं काय करावं लागतं ते पाहू. डिझेल इंजिनात हवा दाबून इतकी तापवतात की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. एलपीजी तसा ठरलेल्या क्षणी आपोआप पेटत नाही. म्हणून इंजेक्टर काढून त्या जागी स्पार्क प्लग बसतील असं हेड मशिन करावं लागतं. इग्निशन कॉइल, थ्रॉटल बॉडी, गॅसचा रिड्यूसर, गॅस इंजेक्टर, लॅम्डा सेन्सर, नवा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि वेगळ्या जातीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो. मुख्य म्हणजे कॉम्प्रेशन उतरवावं लागतं, आणि खरी मेख तिथेच आहे.

तुमच्या गाडीतलं इंजिन फियाटच्या १.३ मल्टिजेट घराण्यातलं आहे. टाटा आणि फियाटच्या गाड्यांसाठी याच घराण्याची इंजिनं आपल्या रांजणगावात बनत. १,२४८ सीसी, चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६९.६ मिलिमीटर, कॉम्प्रेशन रेशो १७.६, म्हणजे हवा १७.६ पट दाबली जाते. एका सिलिंडरचे ३१२ सीसी. १७.६ साठी पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण १९ सीसी असते. एलपीजी नीट जळावा म्हणून रेशो १०.५ च्या आसपास आणायचा तर तीच जागा ३३ सीसी हवी. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये १४ सीसी जागा नव्याने काढायची. ‘जाड हेड गॅस्केट टाकतो, झालं काम’ असं कोणी म्हणालं तर हिशेब करा: या बोअरला १४ सीसी म्हणजे ३.७ मिलिमीटर उंची. एवढं जाड गॅस्केट टिकत नाही. शिवाय हेड तेवढं वर गेलं की टायमिंग चेनचा मेळ बिघडतो. उरतो तो पिस्टनचा माथा लेथवर कापण्याचा मार्ग. तो कापला की माथा पातळ होतो, आणि पातळ माथ्यावर आधीपेक्षा जास्त उष्णता येते.

जास्त कशी? डिझेल इंजिनात हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते, त्यामुळे एक्झॉस्ट तुलनेने थंड राहतो. स्पार्कवर मोजूनमापून हवा-गॅस जळतो आणि कात्रजचा किंवा खंबाटकीचा चढ चढताना एक्झॉस्ट ८०० अंशांच्याही वर जाऊ शकतो. डिझेलचा टर्बो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट या तापमानासाठी घडवलेल्या नसतात. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे व्हॉल्व्ह सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये रुतत जातो. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, तिथून गरम वायू निसटतो आणि व्हॉल्व्हची कडा जळते. तुम्हाला बाहेरून दिसतं ते एवढंच की सकाळी गाडी तीन सिलिंडरवर थरथरते आणि खेचत नाही. मग हेड पुन्हा उतरवा.

बसचे किंवा जनरेटरचे कारखाने गॅस इंजिन करतात तेव्हा पिस्टन, हेड, व्हॉल्व्ह, टर्बो सगळं त्या कामासाठी वेगळं ओततात आणि शेकडो तास टेस्ट बेंचवर चालवतात. गल्लीतल्या गॅरेजमध्ये ९५ हजारांत यातलं काय होईल, तुम्हीच ठरवा.

३५ हजारांचं किट त्यापेक्षा निरुपद्रवी वाटतं, कारण इंजिन न उघडता फक्त हवेच्या नळीत गॅस सोडायचा असतो. आतलं डिझेल पेटतं आणि त्याच्याबरोबर गॅसही जळतो. याचाही हिशेब मांडू. १४ च्या ॲव्हरेजने १०० किलोमीटरला ७.१४ लिटर डिझेल लागतं. विक्रेते ३० टक्के डिझेल वाचेल म्हणतात ते खरं धरू: २.१४ लिटर, म्हणजे १९३ रुपये. तेवढी ऊर्जा गॅसमधून भरून काढायला ३.०९ लिटर एलपीजी लागेल, १८५ रुपयांचा. शंभर किलोमीटरला आठ रुपये सुटले. तुमच्या महिन्याच्या १,३०० किलोमीटरला शंभर. ३५ हजार वसूल व्हायला २९ वर्षं.

हेही सगळा गॅस जळला असं मानून. कमी ताणावर, म्हणजे नवले पुलाच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना, गॅसचं मिश्रण इतकं विरळ असतं की बराचसा न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातो. जास्त ताणावर उलट होतं. १७.६ कॉम्प्रेशनमध्ये सगळा गॅस नको त्या क्षणी एकदम पेटतो आणि इंजिन ठोकायला लागतं. डिझेलच्या मूळ टकटकाटात तो आवाज लपतो. लक्षात येतं तेव्हा पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटलेल्या असतात. गाडीच्या मूळ ईसीयूला आत गॅस आहे हे माहीतच नसतं, त्यामुळे तो तुमच्या बचावाला येत नाही.

याहून धोकादायक एक गोष्ट आहे. डिझेल इंजिन बंद होतं ते डिझेल तोडल्यामुळे, हवा तोडल्यामुळे नाही. गॅसचा सोलेनॉइड (गॅस तोडणारी विजेवरची झडप) गळका निघाला तर चावी फिरवूनही इंजिन नळीतल्या गॅसवर चालत राहू शकतं, वेग वाढवतही. अशा वेळी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडायचा आणि इंजिन गुदमरवायचं. शेजारी कुणी असं किट बसवलेलं असेल तर त्याला हे सांगून ठेवा.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार आरसीवरची इंधनासारखी मूळ माहिती बदलेल असा फेरफार मंजूर किटशिवाय आणि नोंदीशिवाय चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने नियमबाह्य फेरफार केला तर दर फेरफाराला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकातल्या) गाड्यांसाठी नियम काढले. त्यात पेट्रोल गाडीला सीएनजी-एलपीजी किट बसवता येतं. साडेतीन टनांखालच्या डिझेल गाडीचं मात्र अख्खं इंजिन काढून त्या जागी सीएनजी किंवा एलपीजीचं इंजिन बसवायचं आहे. तुमची गाडी २०१४ ची, तिला हे लागूही होत नाही. पण नियम करणाऱ्यांनी डिझेलसाठी ‘किट’ न म्हणता ‘इंजिन बदला’ का म्हटलं, हे वरच्या १४ सीसीच्या हिशेबातून कळेल.

गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा: माझ्या मॉडेलचं, माझ्या इंजिनाचं, डिझेलवरून एलपीजीचं टाइप अप्रूव्हल (चाचणीनंतरच्या मंजुरीचं) प्रमाणपत्र दाखवतोस का? अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था कोथरूडच्या टेकडीवरच आहे. कागद खरा असेल तर त्यावर किटचा क्रमांक, गाड्यांची यादी आणि मुदत असते. ‘आरटीओचं मी बघतो’ हे उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या. नोंद नसलेल्या किटसह अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. पीयूसीलाही अडकाल, कारण आरसीवर डिझेल म्हणून मशिन धूर मोजणार आणि गाडी चालणार गॅसवर. २०२९ मध्ये नोंदणीची १५ वर्षं पूर्ण झाली की पुन्हा पासिंगसाठी गाडी दाखवावी लागेल, तेव्हा टाकी कुठे लपवणार?

आता त्या चार किलोमीटरकडे. आधी १४ हा आकडा खरा का ते पाहा. मीटरवरच्या ॲव्हरेजवर विसंबू नका. एकाच पंपावर, नोझल स्वतःहून बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, किमान ४०० किलोमीटर चालवा आणि तिथेच पुन्हा तसंच भरा. कराडच्या फेरीचा आणि ऑफिसच्या आठवड्याचा आकडा वेगवेगळा काढा. हायवेवर अजून १९-२० पडत असेल आणि फक्त शहरात १३, तर दोष गाडीत कमी आणि भूमकर चौकात जास्त. दोन्हीकडे ॲव्हरेज घटलं असेल तर पुढची तपासणी करा, याच क्रमाने. स्वस्तातलं आधी.

टायरची हवा थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे. मग ब्रेक: वीस मिनिटं चालवून, जोरात ब्रेक न मारता गाडी उभी करा आणि चारही रिमजवळ हात नेऊन पाहा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर ब्रेक चिकटतोय. पुढे बहुधा कॅलिपरच्या पिना पावसाळ्यात गंजलेल्या असतात, मागे हँडब्रेकची केबल अडकलेली. पिना साफ करून ग्रीस लावण्याचं काम किरकोळ आहे, पण त्यानेच एक-दीड किलोमीटर परत येऊ शकतो.

त्यानंतर एअर फिल्टर आणि थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन कधी पूर्ण तापतच नाही आणि ईसीयू थंड इंजिन समजून डिझेल जास्त देत राहतो. गाडी गरम होत नसल्याने मालक खूशच असतो, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं सापडत नाही. ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) लावा. पंधरा मिनिटं चालवल्यावर कूलंट ८० अंशांच्या वर स्थिर राहायला हवं. पाषाणचा उतार लागला की आकडा ७० खाली येत असेल तर थर्मोस्टॅट बदला.

मग टर्बोची हवा. टर्बोपासून इंटरकूलरकडे (ही हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) आणि तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळ्या दहा वर्षांत तडकतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर फुस्स आवाज, काळा धूर, नळीच्या जोडावर तेलकट काळा डाग ही खूण. नळी वरून चांगली दिसते, चीर बहुतेक क्लिपखाली असते, म्हणून काढून वाकवून बघायला सांगा. तिथेच ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेक मॅनिफोल्डही उघडून पाहा. शहरातल्या सरकत्या वाहतुकीत यात काजळीचा डांबरासारखा थर साचतो. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला की इंजिनाला ताजी हवा कमी पडते.

इंजेक्टर सगळ्यात शेवटी, कारण ते सगळ्यात महाग. गॅरेजवाले नेमके तिथूनच सुरुवात करतात. बदलण्याआधी रिटर्न टेस्ट करायला लावा. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं आयडलवर चालवायचं आणि पातळी पाहायची. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त डिझेल आलं तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे. एकच खराब असेल तर चारही बदलायची गरज नाही. मात्र नव्याचा कोड ईसीयूमध्ये भरायला विसरू देऊ नका, नाहीतर आयडल थरथरतं. क्लचही पाहून घ्या: चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच घसरतोय.

एवढ्यातून १४ चे १७ झाले तरी किलोमीटरचा खर्च ६ रुपये ४३ पैशांवरून ५ रुपये २९ पैशांवर येतो. महिन्याला जवळपास दीड हजार. हे काम २० हजारांत आटोपलं तरी चौदा महिन्यांत फिटतं, आणि आरसीला हात लावावा लागत नाही.

गॅसवरच जायचं पक्कं असेल तर ही गाडी विका आणि कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली पेट्रोल गाडी घ्या. पुण्यात एलपीजीपेक्षा सीएनजी बरा, साधं कारण असं की एमएनजीएल या गॅस कंपनीच्या सीएनजी पंपांचं जाळं शहरभर आणि पिंपरी-चिंचवडभर आहे. ऑटो एलपीजीचे पंप मोजकेच. पेट्रोलवर १४ देणारी गाडी सीएनजीवर किलोला २० च्या आसपास देते. किलो ९० ला धरला तर किलोमीटरला साडेचार रुपये, म्हणजे तुमच्या दुरुस्त डिझेलपेक्षा ८० पैशांनी कमी. पण १,३०० किलोमीटरला ही बचत हजार रुपयेच होते. त्यासाठी नव्या गाडीचा हप्ता घेऊ नका. गाडी नाहीतरी बदलायचीच असेल तेव्हा सीएनजीचा विचार करा. डिझेलला गिऱ्हाईक बघायचं तर पुण्याबाहेर, जिथे लोक रोज लांबचं अंतर कापतात. सर्व्हिसची बिलं आणि इंजिन मूळ स्थितीत असेल तरच भाव येतो. हेड मशिन केलेली गाडी कुणी घेत नाही.

घरगुती सिलिंडरमधून पंपाने गॅस भरून देणारे भेटतील. ते बेकायदा तर आहेच, शिवाय त्यात टाकी ८० टक्क्यांवर थांबेल याची खात्री नसते. काठोकाठ भरलेल्या टाकीत उन्हाने गॅस फुगायला जागा उरत नाही. गळालेला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये खाली साचून राहतो.

दिल्लीच्या बंदीचं म्हणाल तर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरचा तो निर्बंध हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशातून आला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला, आणि तो दिल्ली राजधानी परिसरापुरताच होता; २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने त्याची अंमलबजावणी सैल केली. पुण्यात तुमच्या गाडीला १५ वर्षांपर्यंत आरसी आहे. त्यानंतर पर्यावरण कर भरून, पासिंग करून पाच-पाच वर्षांनी मुदत वाढवता येते. उद्या इथे काही नियम आलाच तरी आरसीवर ‘डिझेल’ लिहिलेली गाडी डिझेलच धरली जाईल, डिकीत टाकी कुठलीही असो.